कॅसेट संगणकात उतरवायची तर सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं?

"कॅसेटवरून एमपीथ्री करायला चांगलं सॉफ्टवेअर सांगा" असं कुणी म्हटलं की माझा उलट प्रश्न असतो : कॅसेटवर आहे काय? दुकानातून आणलेली भक्तिगीतं किंवा सिनेमाची गाणी असतील तर आधी ती ऑनलाइन शोधा. बरीचशी कंपन्यांकडच्या मूळ प्रतींवरून आधीच उतरवलेली आहेत आणि तुमच्या झिजलेल्या टेपपेक्षा कितीतरी स्वच्छ ऐकू येतात. वेळ द्यायचा तो जिची दुसरी प्रत कुठेच नाही अशा कॅसेटला. सप्ताहातलं कीर्तन, आजीच्या ओव्या, मुंजीतली मंगलाष्टकं, कुणाच्या दिवाणखान्यात झालेली मैफल, आखातात नोकरीला गेलेल्या काकांनी पत्राऐवजी बोलून पाठवलेली कॅसेट.

फिलिप्सने ही कॅसेट १९६३ साली आणली. आपल्या घरांतल्या बहुतेक कॅसेटी ऐंशीच्या आणि नव्वदच्या दशकातल्या, म्हणजे तीस-चाळीस वर्षं जुन्या. त्यातली एखादी नीट वाजण्याची ही शेवटचीच खेपही असू शकते. त्यामुळे सॉफ्टवेअर निवडताना मी एकच गोष्ट आधी बघतो : टेपवरून जे येतंय ते काही न कापता, न 'सुधारता' ते जसंच्या तसं फाइलमध्ये उतरवतं का? खरखर काढणं, तुकडे करणं, एमपीथ्री बनवणं हे सगळं नंतर पाहिजे तितक्या वेळा करता येतं. उतरवण्याचं तसं नाही.

आधी डेक आणि वायर

सॉफ्टवेअरचा लेख असला तरी हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आवाज बिघडतो तो बहुतेक वेळा संगणकात पोचण्याआधीच.

'कॅसेट टू एमपीथ्री' म्हणून स्वस्तात मिळणारे यूएसबीचे छोटे प्लेअर टाळा. त्यांच्या मोटरचा वेग डळमळतो, त्यामुळे तंबोरासुद्धा लाटांवर हेलकावल्यासारखा ऐकू येतो. पुढे कुठलंही फुकट सॉफ्टवेअर हे नीट दुरुस्त करत नाही. त्यापेक्षा नातेवाइकांकडे धूळ खात पडलेला जुना स्टिरिओ डेक मागून आणा आणि मेकॅनिककडून त्याचे बेल्ट बदलून घ्या. मागे 'लाइन आउट' लिहिलेली लाल-पांढरी भोकं असली की काम झालं. टू-इन-वनच असेल तर हेडफोनच्या भोकातूनही आवाज घेता येतो. मात्र आवाजाचं बटण मध्यावर ठेवायचं आणि बास-ट्रेबल सरळ.

दुसरं टोक संगणकाचं. आजच्या लॅपटॉपवर सहसा एकच भोक असतं, हेडफोन आणि माइकचं एकत्र. त्यातला माइकचा भाग मोनो असतो आणि माइकच्या क्षीण आवाजासाठी केलेला असतो. डेकची वायर थेट त्यात घातली तर आवाज फाटतो. इथे यूएसबी ऑडिओ इंटरफेस लागतो. बेहरिंगरच्या यूसीए-२०२ किंवा यूसीए-२२२ सारखी लाल-पांढऱ्या पिनांची छोटी डबी या कामाला पुरते. ती १६ बिट आणि ४८ किलोहर्ट्झपर्यंत रेकॉर्ड करते (बिट म्हणजे आवाज किती बारकाईने मोजला जातो, आणि ४८ किलोहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ४८००० वेळा). चाळीस वर्षांच्या घरगुती कॅसेटसाठी एवढं भरपूर आहे, कारण टेपची स्वतःची खरखर १६ बिटच्या मर्यादेच्या कितीतरी वर असते. ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची, आयासाची, शिफारस २४ बिट आणि किमान ४८ किलोहर्ट्झची आहे. २४ बिटचा इंटरफेस हाताशी असेल तर तो जरूर वापरा, पण तो नाही म्हणून काम लांबवू नका.

वाजवण्यापूर्वी हेड (टेपवरचा आवाज वाचणारा भाग) आणि त्याशेजारची लोखंडी दांडी आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीने पुसा. काडीवर तपकिरी डाग येतो तो जुन्या टेपांचा भुगा. कॅसेटच्या खिडकीतून गुंडाळीवर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी असते; कोकणात आणि मुंबईत ती हमखास दिसते. अशी कॅसेट तशीच डेकमध्ये घालू नका, हेडवरून ती पुढच्या कॅसेटींना लागते. कॅसेटच्या मागच्या कडेचे दोन्ही छोटे प्लास्टिकचे तुकडे मोडले आहेत ना तेही पाहा. नसतील तर मोडा, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तरी आवाज पुसला जाणार नाही.

आवाज घोंगडीआडून आल्यासारखा बसका वाटला तर लगेच सॉफ्टवेअरमध्ये ट्रेबल वाढवायला धावू नका. ज्या रेकॉर्डरवर भरलं त्याचं हेड किंचित तिरकं असेल तर तुमच्या सरळ हेडवर वरचे स्वर हरवतात. हेडच्या बाजूला स्प्रिंग असलेला बारीक स्क्रू असतो. कॅसेट वाजत असताना तो पाव-पाव फेऱ्याने हळू फिरवा आणि 'स', 'श', झांजा सगळ्यात स्पष्ट कुठे येतात तिथे थांबा. मूळ जागा आधी मार्करने खूण करून ठेवा. या एका स्क्रूने जो फरक पडतो तो महागातल्या सॉफ्टवेअरनेही पडत नाही.

सॉफ्टवेअरमध्ये काय बघायचं

पहिलं, लेव्हलचा मीटर. रेकॉर्ड सुरू करण्याआधीच तो हलताना दिसायला हवा, डावा-उजवा वेगळा, आकड्यांसह. फक्त लाल गोल बटण दाखवणारे रेकॉर्डर इथेच बाद होतात. विंडोजबरोबर येणारा साउंड रेकॉर्डरही व्याख्यान टिपून घ्यायला ठीक, या कामाला नाही.

दुसरं, वेव्ह किंवा फ्लॅकमध्ये साठवण्याची सोय. वेव्ह म्हणजे न दाबलेला आवाज. फ्लॅकमध्ये फाइल साधारण निम्म्यावर येते, पण एक कणही गळत नाही. परत उलगडली की हुबेहूब तीच. थेट एमपीथ्रीतच रेकॉर्ड करणारं सॉफ्टवेअर कितीही सोपं असलं तरी नको. एमपीथ्री करताना गाळलेला आवाज परत मिळत नाही, आणि नंतर त्याच फाइलची खरखर काढायला गेलं की उरलेला आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो.

तिसरं, 'आपोआप' सगळं करणाऱ्यांपासून लांब राहायचं. शांतता आली की रेकॉर्डिंग थांबवणं, आवाज आपोआप लहानमोठा करणं, उतरवतानाच खरखर गाळणं या सोयी जाहिरातीत छान दिसतात. कीर्तनात बुवा ओवी म्हणून थांबतात आणि मग हलकेच अर्थ सांगायला लागतात. ती थांबण्याची जागा म्हणजे रिकामी टेप, असं सॉफ्टवेअरला वाटतं, आणि पुढच्या वाक्याचा पहिला शब्द जातो.

चौथं, सलग पाऊण तास रेकॉर्ड करून मध्येच वीज गेली किंवा प्रोग्रॅम बंद पडला तर तिथपर्यंतचं काम वाचतं का. आणि पाचवं, रेकॉर्डिंग चालू असतानाच खुणा टाकता येतात का. शंभर कॅसेटी उतरवायला घेतल्या की या खुणांचं मोल कळतं.

कोणाला कोणतं

बहुतेकांसाठी माझं उत्तर ऑडॅसिटी. फुकट, मुक्त स्रोताचं, विंडोज-मॅक-लिनक्स तिन्हीवर चालणारं. २००० सालापासून ते लोकांच्या वापरात आहे, म्हणजे अडलात तर तुमची अडचण आधी कुणालातरी आलेलीच असते. वरच्या पाचही कसोट्यांना ते उतरतं. दिसायला रुक्ष आहे आणि पहिल्या दिवशी बटणांची गर्दी वाटते, हे खरं. ऑडॅसिटीच्या स्वतःच्या साइटवरूनच उतरवा, सारख्या नावाच्या साइट बऱ्याच आहेत. २०२१ पासून ते म्यूज ग्रुपकडे आहे. त्यांचा म्यूज हब नावाचा जोडप्रोग्रॅम डाउनलोडच्या वेळी पुढे केला जातो. कॅसेटसाठी तो लागत नाही.

मोजक्याच कॅसेटी आहेत, त्यातही बोलणंच आहे आणि गर्दी नकोशी वाटते, तर ओशनऑडिओ (ocenaudio) बघा. ब्राझीलच्या एका विद्यापीठातल्या संशोधकांनी केलेलं हे फुकट सॉफ्टवेअर ज्येष्ठांना पटकन जमतं. त्यात कुठलाही बदल लागू करण्याआधी तो कसा ऐकू येईल हे लगेच कळतं.

कपाटभर कॅसेटी, त्याही बऱ्याचशा गाण्यांच्या, आणि थोडे पैसे खर्चायची तयारी असेल तर व्हिनिलस्टुडिओ. नाव तबकड्यांचं असलं तरी कॅसेटींनाही ते तितकंच चालतं. पूर्ण बाजू एका फाइलमध्ये राहते, गाण्यांच्या सीमा तुम्ही आखता आणि मूळ फाइलला हात न लावता ते वेगवेगळी गाणी काढून देतं. कंटाळवाणं काम ते खरंच कमी करतं.

रीपर हे स्टुडिओत वापरायचं सॉफ्टवेअर. ६० दिवस वापरून बघता येतं, घरगुती परवाना ६० डॉलरचा. ज्याला आधीच रेकॉर्डिंगचा हात आहे त्यालाच सुचवेन. मॅकवरचं गॅरेजबँड फुकट आहे, पण त्याची सगळी मांडणी ताल-मात्रांवर गाणं रचण्यासाठी केलेली. कॅसेट उतरवायला ते आडवळणाचं पडतं, मॅकवाल्यांनीही ऑडॅसिटीच घ्यावं. आयझोटोप आरएक्स दुरुस्तीत सगळ्यांच्या पुढे आहे, मोटरची डळमळसुद्धा सावरतं, पण किंमतही तशीच. एखाद्या दुर्मीळ मैफलीसाठी ते ज्याच्याकडे आहे अशा स्टुडिओला तुमची वेव्ह फाइल द्या. स्वतः विकत घेण्यात अर्थ नाही.

ऑडॅसिटीत पहिली कॅसेट

सुरुवात महत्त्वाच्या कॅसेटने करू नका. गेली तरी चालेल अशी एखादी घ्या.

१. इंटरफेस जोडा आणि मगच ऑडॅसिटी उघडा. उलट केलं तर यादीत तो दिसत नाही. विंडोजला हा इंटरफेस माइकच वाटतो, म्हणून विंडोजच्या सेटिंगमध्ये माइक वापरायची परवानगी चालू असायला हवी. ती नसली तर रेकॉर्डिंग होतं, पण सरळ रेषेचं! त्याच ठिकाणी त्या उपकरणाचं 'ऑडिओ एन्हान्समेंट' बंद करा. नाहीतर खरखर म्हणजे गोंगाट समजून विंडोजच तो परस्पर गाळू लागतं.

२. ऑडिओ सेटिंगमध्ये विंडोजवर होस्ट म्हणून वासापी (WASAPI) निवडा, रेकॉर्डिंगचं उपकरण म्हणून इंटरफेस, चॅनेल दोन, दर ४८०००. कॅसेट मोनो असली तरी उतरवायची स्टिरिओतच, कारण पुढे सांगतो. ऐकण्यासाठी हेडफोन डेकला किंवा इंटरफेसला लावा. संगणकातून ऐकायची सोय बंद ठेवा, आवाज मागून येतो आणि डोकं भणभणतं.

३. कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे पळवा. वर्षानुवर्षं घट्ट बसलेली गुंडाळी सैल होते, मग वाजताना अडकत नाही. सी-१२०, म्हणजे १२० मिनिटांची कॅसेट असेल तर हे करू नका. तिची टेप सी-६० च्या साधारण निम्म्या जाडीची असते आणि वेगात गुंतते.

४. डेकवरचं डॉल्बीचं (खरखर कमी करण्याच्या पद्धतीचं) बटण बंद. घरच्या साध्या रेकॉर्डरवर भरलेल्या कॅसेटींना डॉल्बी नसतंच, आणि ते चालू राहिलं तर आवाज मंद होतो. कॅसेटवरच डॉल्बीची खूण असेल तरच लावा.

५. मीटरवर क्लिक करा, म्हणजे रेकॉर्ड न करताही तो हलू लागतो. कॅसेटमधला सगळ्यात मोठा आवाज शोधा. कीर्तनात तो गजराचा असतो, लग्नात बँडचा. तिथे काटा उणे ६ डेसिबलच्या आसपास ठेवा. शून्याला लागला की फाटलाच. कमी भरलं तर नंतर वाढवता येतं, फाटलेलं सांधता येत नाही.

६. आधी रेकॉर्ड, मग डेकवर प्ले. सुरुवातीची मोकळी टेप पण येऊ द्या, तिचा उपयोग पुढे आहे. लॅपटॉप चार्जरला लावला की 'गूं' ऐकू येत असेल तर चार्जर काढून बॅटरीवर चालवा, बहुतेकदा तो जातो.

७. आता ऐकत बसा. नवा अभंग, नवा वक्ता, ओळखीचा आवाज आला की कंट्रोल आणि एम दाबून खूण टाका आणि दोन शब्द लिहा. बाजू संपली की थांबवा, प्रोजेक्ट सेव्ह करा, बी बाजू वेगळी घ्या.

घाई चालत नाही, सी-६० ला तास लागणारच. कामं करायची असतील तर ठरावीक वेळाने आपोआप थांबणारं टाइमर रेकॉर्ड वापरा. पण माझं मत विचाराल तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवा. "हा आवाज कोणाचा?" हे सांगू शकणारी माणसं कॅसेटींपेक्षाही लवकर कमी होतात.

८. संपलं की पूर्ण बाजूची एक फ्लॅक किंवा वेव्ह फाइल काढा. ही मूळ प्रत. हिच्यावर कधीही काही करायचं नाही. १६ बिट, ४८ किलोहर्ट्झ, स्टिरिओ वेव्हला मिनिटाला साधारण साडेअकरा एमबी लागतात, म्हणजे सी-६० ची पाऊण जीबीच्या आत. आजच्या डिस्कवर हे काहीच नाही.

साफसफाई, आणि तंबोऱ्याचा घोळ

हे सगळं प्रतीवर. जुने रेकॉर्डर बहुतेक मोनो होते, त्यामुळे डावीकडे आणि उजवीकडे एकच आवाज असतो, पण सारख्याच दर्जाचा नसतो. टेपच्या कडा आधी खराब होतात. दोन्ही चॅनेल वेगळे करून ऐका आणि चांगला तोच ठेवा. स्टिरिओत उतरवायचं ते याचसाठी.

ऑडॅसिटीचं नॉइज रिडक्शन दोन पावलांत चालतं. आधी फक्त खरखर असलेला तुकडा निवडून तिचा नमुना द्यायचा, मग सगळ्या फाइलवर ते लावायचं. आणि इथेच मैफलीच्या फाइली मरतात. सॉफ्टवेअरच्या लेखी सतत एकसारखा चालणारा आवाज म्हणजे गोंगाट. तंबोराही सतत एकसारखा चालतो. गायन थांबलंय म्हणून मधली 'शांत' जागा नमुना म्हणून दिली, तर त्यात तंबोरा असतो, आणि सॉफ्टवेअर इमानेइतबारे संपूर्ण मैफलीतून तंबोरा पुसून काढतं. पेटीचा धरलेला षड्जही असाच जातो. म्हणून नमुना घ्यायचा तो तंबोरा सुरू होण्यापूर्वीच्या किंवा सगळं संपल्यानंतरच्या टेपचा.

किती कमी करायचं?  मी ६ ते ९ डेसिबलच्या वर जात नाही. तिथेच 'रेसिड्यू' नावाचा पर्याय आहे. त्याने काय फेकलं जाणार आहे तेवढंच ऐकू येतं. त्यात शब्द किंवा टाळ ऐकू आले तर जास्त झालं, आकडा कमी करा. थोडी खरखर राहिलेली बरी.

'गूं' काढायला ५० हर्ट्झवर नॉच फिल्टर (तेवढाच एक स्वर कापणारा) लावा, गरज पडली तर १०० वरही. बोलण्याच्या कॅसेटीत ८० हर्ट्झच्या खालचं सगळं कापून टाकलं तरी बिघडत नाही. पखवाज किंवा बायाँ असेल तर मात्र तसं करू नका, त्यांची घुमक तिथेच असते.

वेग चुकलेला असतो तेव्हा

रेकॉर्ड करताना सेल उतरले असतील तर टेप हळू सरकलेली असते, आणि आज ती योग्य वेगाने वाजवली की माणसं चिरक्या आवाजात घाईघाईने बोलतात. ऑडॅसिटीत वेग आणि पट्टी एकत्र बदलणारा इफेक्ट आहे तोच वापरा. फक्त पट्टी बदलणारा नको, आवाज कृत्रिम होतो.

किती बदलायचं हे कानाने ठरवता येतं, पण एक पक्की युक्ती आहे. सभागृहात किंवा मांडवात ध्वनिक्षेपक असेल तर त्याच्या स्पीकरचा 'गूं' मूळ रेकॉर्डिंगमध्ये अनेकदा आलेला असतो. आपली वीज ५० हर्ट्झची. बोलणं नसलेला चार-पाच सेकंदांचा तुकडा निवडा, ॲनलाइझमध्ये प्लॉट स्पेक्ट्रम उघडा, साइझ ६५५३६ ठेवा आणि खालच्या बाजूचं टोक पाहा. ते ५० ऐवजी ५३ वर असेल तर टेप ६ टक्के जोरात वाजते आहे. हा जवळजवळ अर्ध्या स्वराचा फरक झाला : काळी एकमध्ये गाणारा पांढरी दोनमध्ये ऐकू येतो. वेगाचा गुणक मग ५० भागिले ५३, म्हणजे ०.९४३. टोक बरोबर ५० वर दिसलं तर जपून, तो तुमच्या आजच्या वायरीचा 'गूं' असू शकतो. म्हणून नॉच फिल्टर लावण्याआधीच हे करायचं.

नावं, प्रती आणि जुनी कॅसेट

गाण्यांचे तुकडे करायला सॉफ्टवेअरला शांतता शोधायला सांगता येतं. विकतच्या कॅसेटीवर ते बरं चालतं, कीर्तनावर अजिबात नाही. तुम्ही वाजवताना टाकलेल्या खुणा इथे कामाला येतात. एक्स्पोर्ट करताना 'मल्टिपल फाइल्स' निवडा, प्रत्येक खुणेची वेगळी फाइल होते.

फाइलच्या नावात वर्ष आधी, मग ठिकाण, मग माणूस, मग बाजू. नाव रोमन अक्षरांत ठेवा, कारण जुन्या कार-स्टिरिओवर देवनागरीचे चौकोन दिसतात. फाइलच्या आतली माहिती मात्र खुशाल मराठीत भरा. फ्लॅकमध्ये ती नीट टिकते, वेव्हमध्ये तितका भरवसा नाही. मूळ प्रतीसाठी मी फ्लॅककडे झुकतो ते या कारणानेही. कॅसेटच्या आतल्या कागदावर कुणाच्या अक्षरात काही लिहिलेलं असेल तर त्याचा फोटो त्याच फोल्डरमध्ये टाका.

नातेवाइकांना पाठवायला एमपीथ्री करा : बोलणं असेल तर ६४ केबीपीएस मोनो, गाणं असेल तर १९२ स्टिरिओ. व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मूळ प्रती दोन वेगवेगळ्या डिस्कवर ठेवा, आणि एक डिस्क दुसऱ्या कुणाच्या घरी, शक्यतो दुसऱ्या गावी.

कॅसेट लगेच टाकून देऊ नका. पूर्ण गुंडाळून, डबीत घालून, उभी, कोरड्या जागी ठेवा. सिलिका जेलची पुडी सोबत. आणि कपाट बंद करण्याआधी उतरवलेली फाइल सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी थोडी थोडी ऐका, दोन्ही कानांनी. एक पीन सैल राहिली की एकच बाजू रेकॉर्ड होते, आणि हे कळावं तेव्हा डेक परत गेलेला असतो.